ग्राहकाची नोंद आणि प्रोजेक्ट यांची जोडणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात सॉफ्टवेअर करून देणारी आणि सांभाळणारी ऑफिसं बहुतेक छोटी आहेत. चार-सहा माणसं असतात. सकाळी यंत्रमागवाल्याचं बिलिंग अडतं, दुपारी युनिफॉर्म शिवणाऱ्याचा स्टॉक जुळत नाही आणि संध्याकाळी एखाद्या साखर कारखान्याचा वजनकाटा संगणकाशी बोलायचा थांबतो. तक्रारींची तिकिटं (एकेक तक्रार किंवा काम म्हणजे एक तिकीट) ठेवायला यांतल्या बऱ्याच जणांनी रेडमाइन हे सॉफ्टवेअर लावलंय, काहींनी त्याच कामाचं जिरा किंवा गिटलॅब. तिकिटं नीट पडतात, पण 'हा ग्राहक कोण आणि त्याची कोणकोणती कामं आपल्याकडे आहेत' हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. त्यावर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः रेडमाइनची घेतली आहेत, कारण ते मोफत आहे आणि आपल्याच सर्व्हरवर बसतं. बाकीच्यांबद्दल पुढे वेगळं लिहिलंय.

प्रोजेक्टला ग्राहकाचं नाव दिलं की झालं ना? वेगळी नोंद कशाला?

ग्राहक दहा-बारा असेपर्यंत खरंच होतं. पुढचं बघा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला तुम्ही बिलिंग दिलं. दोन वर्षांनी त्यांनीच निर्यातीच्या पॅकिंगसाठी बारकोडचं काम दिलं. मग मालकांच्या मुलाने नवी पेठेत शोरूम काढलं, तिथेही तुमचंच सॉफ्टवेअर बसलं. आता तीन प्रोजेक्ट आहेत आणि तिन्हींची नावं वेगळी. फोन येतो, 'आमचं एकूण किती काम बाकी आहे तेवढं सांगा.' तुमच्याकडे तीन याद्या असतात. तिन्ही एकाच घरच्या आहेत हे फक्त त्या मुलाला माहीत असतं ज्याने साइटवर जाऊन इन्स्टॉल केलं, आणि तो आता पुण्याला नोकरीला गेलेला असतो.

प्रोजेक्ट संपतो, ग्राहक राहतो. म्हणून ग्राहकाची नोंद एकच हवी आणि प्रोजेक्ट तिला जोडलेले हवेत. खालचं सगळं याच एका गोष्टीतून निघतं.

रेडमाइनमध्ये 'ग्राहक' असं काही आहे का?

मूळ रेडमाइनमध्ये नाही. ते २००६ मध्ये आलं, प्रोग्रामरच्या कामाचा माग ठेवायला. त्यात प्रोजेक्ट, उपप्रोजेक्ट, तिकीट, आवृत्ती (एका टप्प्यात पुरी करायची तिकिटं एकत्र ठेवणारा गट), वापरकर्ते, खर्च झालेला वेळ हे सगळं आहे, ग्राहक नाही. तो आपण आणायचा. त्याचे तीन रस्ते आहेत: कस्टम फील्ड (आपण स्वतः जोडलेला माहितीचा रकाना), उपप्रोजेक्ट किंवा प्लगइन (वरून बसवायचा जोडभाग).

एक ग्राहक म्हणजे एक प्रोजेक्ट ठेवावा, की एक सॉफ्टवेअर म्हणजे एक प्रोजेक्ट?

सगळ्यात जास्त वाद यावरच होतो, आणि दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं असतं. काम कोणत्या जातीचं आहे ते आधी पाहा.

समजा, यंत्रमागवाल्यांसाठी तुमचं एकच तयार बिलिंग आहे आणि ते पन्नास ठिकाणी बसलंय. अशा वेळी पन्नास प्रोजेक्ट करू नका. जीएसटीच्या छपाईत चूक निघाली तर ती पन्नासही जणांकडे असते, आणि पन्नास प्रोजेक्टांत एकच चूक पन्नासदा लिहिली जाते. इथे सॉफ्टवेअरचा एक प्रोजेक्ट ठेवा आणि 'ग्राहक' हे फील्ड तिकिटावर ठेवा. फील्डला एकाहून जास्त नावं घेण्याची मुभा द्या, म्हणजे तीच तक्रार तिघांनी केली तर एका तिकिटावर तिघांची नावं राहतात. दुरुस्ती झाल्यावर कुणाकुणाला फोन करायचा ते तिथेच दिसतं.

उलट, साखर कारखान्याचं काम घ्या. ऊसनोंदणी त्यांच्या पद्धतीची, तोडणी-वाहतूक ठेकेदारांचा हिशेब त्यांच्या करारांप्रमाणे, वजनकाट्याचं यंत्र त्यांच्या कंपनीचं. इथे दुसऱ्याशी वाटून घेण्यासारखं फारसं काही नसतं. त्याला स्वतंत्र प्रोजेक्ट द्या आणि 'ग्राहक' हे फील्ड तिकिटावर न ठेवता प्रोजेक्टवर ठेवा. प्रत्येक तिकिटावर पुन्हा ग्राहक निवडायला लावला तर पोरं कंटाळून यादीतलं पहिलं नाव टाकतात.

तिसरी जात मधली: मूळ सॉफ्टवेअर एक, पण प्रत्येकाकडे थोडा फरक. युनिफॉर्मवाल्यांचं असंच असतं, कारण प्रत्येकाची मापं, शाळांच्या ऑर्डरी आणि कापडाचे कोड वेगवेगळे. यासाठी वरती सॉफ्टवेअरचा मुख्य प्रोजेक्ट आणि त्याखाली प्रत्येक ग्राहकाचा उपप्रोजेक्ट, ही मांडणी चांगली बसते. सामाईक चूक वर लिहायची, खास बदल खाली. मुख्य प्रोजेक्टची आवृत्ती उपप्रोजेक्टांना वापरू देता येते, त्यामुळे पुढच्या आवृत्तीत कुणाचं काय जाणार हे एका पानावर दिसतं.

तिन्ही पद्धती एकाच रेडमाइनमध्ये नांदू शकतात. अट एकच: ग्राहकाचं नाव तिन्ही ठिकाणी एकाच यादीच्या शिस्तीने यायला हवं, कुणी हाताने टाइप केलेलं नको.

फील्ड कोणत्या प्रकारचं घ्यायचं?

मजकुराचं फील्ड घेऊ नका. आठवड्याभरात एकाच ग्राहकाची चार स्पेलिंगं होतील.

साधी 'यादी' घेतली तर रेडमाइन तिकिटावर नावाचा मजकूरच साठवतं. उद्या फर्मचं नाव बदललं आणि तुम्ही यादीत ते सुधारलं, तरी जुन्या तिकिटांवर जुनंच नाव राहतं, आणि नव्या नावाने शोधलं तर ती तिकिटं सापडत नाहीत. ३.२ आवृत्तीपासून 'की-व्हॅल्यू यादी' हा प्रकार आला, त्यात नावाच्या जागी आतला क्रमांक साठवला जातो. नाव एकदा सुधारलं की जुन्या-नव्या सगळ्या तिकिटांवर सुधारतं. ग्राहक सोडून गेला तर त्याचा पर्याय निष्क्रिय करता येतो. नव्या तिकिटांवर तो दिसत नाही, जुन्यांवर तसाच राहतो. ग्राहकांसाठी हाच प्रकार घ्या.

तिकिटावरचं फील्ड आणि प्रोजेक्टवरचं फील्ड ही रेडमाइनमध्ये दोन वेगळी फील्डं असतात, त्यामुळे यादी दोन ठिकाणी भरावी लागते. त्रास आहे खरा. शिवाय यादीत भर घालायला अॅडमिनचे अधिकार लागतात. या दोन्हींवर उपाय एकच: ऑफिसातल्या एका व्यक्तीकडे हे काम द्या, आणि नवीन ग्राहक आला की त्याच व्यक्तीने दोन्ही याद्यांत तो एकाच नावाने, एकाच ग्राहक क्रमांकाने (तो कसा द्यायचा ते पुढच्या प्रश्नात आहे) घालायचा.

फील्ड करताना 'गाळणीत (फिल्टरमध्ये) वापरा' ही खूण विसरू नका. ती केली की सगळ्या प्रोजेक्टांच्या तिकिटांच्या पानावर प्रोजेक्टच्या ग्राहकानुसार गाळणी लावता येते. ती गाळणी एकदा जतन करून सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. फोन उचलणाऱ्या मुलीला एवढंच हवं असतं.

आमच्याकडे सारख्या नावाचे ग्राहक फार आहेत. ओळखायचे कसे?

सोलापूरकरांना हे सांगायला नको. सिद्धेश्वर, व्यंकटेश, मार्कंडेय, महालक्ष्मी या नावांनी किती फर्म आहेत ते मोजायला साखर पेठेपासून अशोक चौकापर्यंत नुसत्या पाट्या वाचत जा. पुढे 'टेक्सटाईल', 'टेक्सटाईल्स', 'टेक्सटाईल मिल्स' एवढाच फरक. नावावर विसंबणं इथे चालतच नाही.

पहिलं नाव सुचतं ते जीएसटी क्रमांकाचं, आणि तो फार उपयोगी आहेही. तो पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, आपले २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. तेरावं अक्षर त्याच पॅनवर त्याच राज्यातली कितवी नोंदणी ते सांगतं आणि शेवटचं अक्षर पडताळणीचं, त्यामुळे टाइप करताना झालेली चूक पकडता येते. सीमेपलीकडे, विजयपूर किंवा कलबुर्गीला शाखा असलेल्या ग्राहकाचा तिथला क्रमांक २९ ने सुरू होतो, पण मधली दहा अक्षरं तीच राहतात. म्हणजे दोन शाखा एकाच घरच्या आहेत हे क्रमांकच सांगतो.

तरीही जीएसटी क्रमांक ही मुख्य ओळख करू नका असं आमचं स्पष्ट मत आहे. मजुरीवर कापड विणून देणाऱ्या छोट्या मागवाल्याकडे तो असतोच असं नाही. डॉक्टरांची सेवा करमुक्त आहे, त्यामुळे दवाखान्याचं सॉफ्टवेअर घेणाऱ्या कितीतरी ग्राहकांकडे तो नसतो. आणि धंद्याचं रूप बदललं की तो बदलतो. म्हणून आपला स्वतःचा ग्राहक क्रमांक द्या, साधा चढता. एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्याला कधीही देऊ नका, ग्राहक गेला तरी. जीएसटी क्रमांक, पॅन, पत्ता ही त्या नोंदीतली माहिती.

मोबाईल नंबरावरून ओळख ठेवणं सगळ्यात धोक्याचं. तो नंबर दिवाणजींचा असतो, आणि दिवाणजी उद्या समोरच्या गाळ्यात रुजू होतात.

नाव मराठीत लिहावं की इंग्रजीत?

दोन्ही, पण वेगवेगळ्या जागी. जीएसटी प्रमाणपत्रावर कायदेशीर नाव असतं आणि व्यापारी नाव असतं. एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर कायदेशीर नाव मालकांचं असतं, आणि पाटीवर भलतंच असतं. फोनवर माणूस पाटीवरचंच नाव सांगतो. यादीत दिसणारं नाव म्हणून 'ग्राहक क्रमांक, पाटीवरचं नाव, भाग' असं ठेवा. भाग म्हणजे साखर पेठ, जोडभावी पेठ, होटगी रोड, चिंचोळी एमआयडीसी. भाग लिहिला की निम्मे गोंधळ तिथेच संपतात.

मराठीत लिहिलेलं नाव शोधताना अडचण येते, ती ऱ्हस्व-दीर्घाची आणि तेलुगू-कन्नड नावांची. 'व्यंकटेश' आणि 'वेंकटेश' संगणकाला दोन वेगळी माणसं वाटतात. शुद्ध कोणतं यावर ऑफिसात चर्चा करत बसू नका. ग्राहक स्वतःच्या बिलबुकावर जसं छापतो तसं लिहा, आणि शोधण्यासाठी ग्राहक क्रमांक वापरायची सवय लावा.

भाऊ-भाऊ वेगळे झाले, धंद्याची वाटणी झाली. नोंदीचं काय करायचं?

घरच्या धंद्यांच्या गावात हा प्रश्न येणारच. वडिलांची एक फर्म होती, आता थोरल्याकडे कारखाना आणि धाकट्याकडे दुकान. सॉफ्टवेअर दोघांनाही हवंय. जुना डेटा दोघांनाही हवाय. आणि जुन्या बाकीचं काय, हे दोघांपैकी कुणालाच बोलायचं नाही.

जुन्या नोंदीचं नाव बदलून ती थोरल्याची करून टाकावी असा मोह होतो. तसं करू नका. नाव बदललं की मागच्या पाच वर्षांची तिकिटं, केलेली कामं, दिलेल्या भेटी सगळं थोरल्याच्या नावावर जातं आणि धाकट्याचा इतिहास कोरा दिसतो. दोघांनाही ते पटणार नाही, आणि पटू नयेच.

जुनी नोंद आहे तशी ठेवा, निष्क्रिय करा आणि तिच्या वर्णनात वाटणीची तारीख लिहा. मग दोन नव्या नोंदी करा, दोन नवे क्रमांक द्या, आणि प्रत्येकात 'आधीचा ग्राहक क्रमांक' भरा. चालू प्रोजेक्ट ज्याच्याकडे गेला त्याच्या नोंदीला जोडा. ज्याच्याकडे गेला नाही त्याचा नवा प्रोजेक्ट करा. जुनी तिकिटं जुन्याच क्रमांकावर राहू द्या. बंद न झालेली तिकिटं मात्र एकेक वाचून त्या-त्या भावाकडे न्या. हे काम घाऊक होत नाही, बसून करावं लागतं.

एकट्याच्या मालकीचा धंदा भागीदारीत किंवा प्रायव्हेट लिमिटेडमध्ये बदलला तरी हाच नियम लागतो. तिथे भांडण नसतं, पण पॅन बदलतो, म्हणून जीएसटी क्रमांकही बदलतो आणि तुमचं बिलही नव्या नावाने जायला हवं. जीएसटी क्रमांकातलं सहावं अक्षर पाहायची सवय ठेवा. पी असेल तर व्यक्ती, एफ असेल तर भागीदारी फर्म, सी असेल तर कंपनी. ग्राहक सांगायला विसरला तरी नव्या क्रमांकावरून बदल लक्षात येतो.

यावरून आणखी एक: प्रोजेक्टचा आयडेंटिफायर, म्हणजे ब्राउझरच्या पत्त्यात दिसणारं छोटं नाव, रेडमाइनमध्ये प्रोजेक्ट तयार झाल्यावर बदलता येत नाही. त्यात फर्मचं नाव घालू नका. ग्राहक क्रमांक आणि कामाचा प्रकार पुरेसा आहे.

एकच हिशेबनीस दहा फर्मची कामं पाहतो. त्याचा फोन आला की तिकीट कुणाच्या नावावर टाकायचं?

ज्या फर्मच्या संगणकासमोर तो त्या वेळी बसलाय तिच्या नावावर. फोन उचलल्यावर पहिला प्रश्न 'काय झालं?' असा नको, 'कुठून बोलताय साहेब?' असा हवा.

नोंदींच्या भाषेत सांगायचं तर माणूस आणि ग्राहक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका ग्राहकाकडे अनेक माणसं असतात: मालक, दिवाणजी, पुण्यात शिकणारा पण सगळे पासवर्ड माहीत असलेला मुलगा. आणि एक माणूस अनेक ग्राहकांकडे असतो. संपर्काची यादी ग्राहकाच्या नोंदीतच कोंबली तर हिशेबनिसाचा नंबर दहा ठिकाणी लिहावा लागतो, आणि त्याने नंबर बदलला की नऊ ठिकाणी जुना राहतो. कस्टम फील्डांनी हे साधत नाही. असे हिशेबनीस तुमच्याकडे बरेच असतील तर संपर्काचं प्लगइन घेण्याचं ते एक खरं कारण आहे.

एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) तारीख कुठे लिहायची? ग्राहकावर की प्रोजेक्टवर?

दोन्हीकडे नाही, ती त्यांच्या जोडणीवर असते. जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेक मांडण्या इथेच फसतात.

एका ग्राहकाकडे तुमची दोन सॉफ्टवेअरं आहेत. बिलिंगची एएमसी मार्चमध्ये संपते, पगाराची दिवाळीत. तारीख ग्राहकावर लिहिली तर कोणत्या सॉफ्टवेअरची ते कळत नाही. बिलिंगचा प्रोजेक्ट पन्नास जणांचा सामाईक आहे, म्हणून तारीख प्रोजेक्टवर लिहिली तर कोणत्या ग्राहकाची ते कळत नाही. ती 'या ग्राहकाकडचं हे सॉफ्टवेअर' या जोडीची माहिती आहे. अशी माहिती आणखीही असते: कोणती आवृत्ती बसली आहे, किती संगणकांवर, सर्व्हर कुठल्या खोलीत आहे, साइटवर आपलं कोण जातं, बॅकअप कुठे जातो.

एवढं सगळं साध्या फील्डमध्ये मावत नाही. तेव्हा त्या जोडीला स्वतःची जागा द्या. रेडमाइनमध्ये सोपी जागा म्हणजे उपप्रोजेक्ट: बिलिंग या मुख्य प्रोजेक्टखाली त्या ग्राहकाचा उपप्रोजेक्ट, आणि त्यावर एएमसीची तारीख, आवृत्ती, संगणकांची संख्या ही फील्डं. सामाईक चुका तेव्हाही वरच्या प्रोजेक्टमध्येच राहतात. उपप्रोजेक्ट पन्नास झाले म्हणून घाबरायचं कारण नाही, त्यांत तिकिटं कमी आणि माहिती जास्त असेल.

उपप्रोजेक्ट नको असतील तर दुसरी जागा: 'इन्स्टॉलेशन' नावाचा वेगळा ट्रॅकर (तिकिटाचा प्रकार) करा आणि प्रत्येक जोडीचं एक कायम उघडं तिकीट ठेवा. शेवटच्या तारखेच्या रकान्यात एएमसी संपण्याची तारीख घाला. तारखेनुसार लावलेली यादी म्हणजे नूतनीकरणाचे फोन करायची यादी. ज्यांच्याकडे ग्राहक थोडे आहेत त्यांना आम्ही हेच सुचवतो.

ग्राहकांसाठी प्लगइन घ्यावं का?

संपर्कांची गुंतागुंत खरोखर असेल तर घ्या, नसेल तर फील्डांवर भागवा. घेण्याआधी तीन गोष्टी पाहा. ते तुमच्या रेडमाइनच्या आवृत्तीवर चालतं का. रेडमाइनची मोठी आवृत्ती बदलली की जुनी प्लगइनं अडतात आणि त्यापायी अख्खं अपग्रेड लांबतं. त्याची माहिती सीएसव्ही फाइलमध्ये (एक्सेलमध्ये उघडणारी साधी यादी) बाहेर काढता येते का. प्लगइन स्वतःचे तक्ते डेटाबेसमध्ये बनवतं आणि रीतसर काढून टाकताना ते तक्तेही जातात. आणि जोडणी प्रोजेक्टशी होते, तिकिटाशी होते, की दोन्हींशी.

ग्राहकाला लॉगिन द्यावं का?

द्यायला हरकत नाही, पण आधी दिसण्याचे नियम लावा. सुताच्या एकाच बाजारात खरेदी करणारे दोघे तुमचे ग्राहक असतील तर एकाला दुसऱ्याचं नावसुद्धा दिसता कामा नये.

ग्राहकांसाठी वेगळा रोल (अधिकारांचा संच) करा. त्यात तिकिटांचं दर्शन 'स्वतः टाकलेली किंवा स्वतःकडे सोपवलेली' एवढंच ठेवा. त्याच रोलमध्ये वापरकर्त्यांच्या दर्शनाची वेगळी सेटिंग असते, ती 'दिसणाऱ्या प्रोजेक्टांचे सदस्य' यावर आणा, नाहीतर ग्राहकाला सगळ्या वापरकर्त्यांची नावं दिसू शकतात. हाच नियम सदस्य नसलेल्यांच्या रोललाही लावा. प्रोजेक्ट सार्वजनिक नाही याची खात्री करा. ग्राहकाला मुख्य प्रोजेक्टचं सदस्य कधीही करू नका. उपप्रोजेक्टांत 'वरचे सदस्य घ्या' ही खूण असेल तर तो सगळ्यांच्या घरात पोचतो. आपसातलं बोलणं खासगी टिपेत लिहा. आणि ज्या सामाईक तिकिटावर अनेक ग्राहकांची नावं आहेत, ते ग्राहकांना दिसणाऱ्या प्रोजेक्टमध्ये ठेवूच नका.

तक्रारी व्हॉट्सॲपवर येतात. त्यांचं काय?

येणारच. मालक फॉर्म भरणार नाहीत, ते बोलून पाठवतील, अर्धं मराठीत अर्धं तेलुगूत. तिकीट आपण टाकायचं, ग्राहक निवडायचा आणि तिकिटाचा क्रमांक व्हॉट्सॲपवरच उत्तरात द्यायचा. पुढच्या वेळी ते तोच क्रमांक सांगतात, हा अनुभव चांगला आहे.

ईमेलवरून मात्र तिकीट आपोआप पडू शकतं. रेडमाइन पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून वापरकर्ता ओळखतं, आणि ३.० आवृत्तीपासून एका वापरकर्त्याला अनेक पत्ते देता येतात. अनोळखी पत्त्याची पत्रं ते न सांगता सोडून देतं, ही मूळ सेटिंग आहे. म्हणून ग्राहकाच्या माणसांची वापरकर्ता म्हणून खाती करून त्यांत पत्ते भरल्याशिवाय ईमेल सुरू करू नका.

जिरा किंवा गिटलॅबमध्ये हे कसं होतं?

जिराच्या सर्व्हिस मॅनेजमेंटमध्ये ग्राहक आणि संस्था या दोन्ही गोष्टी मुळातच आहेत. संस्था म्हणजे फर्म, ग्राहक म्हणजे तिथली माणसं. एक संस्था अनेक सर्व्हिस प्रोजेक्टांना जोडता येते आणि तिथली माणसं एकमेकांच्या तक्रारी पाहू शकतील असं ठेवता येतं. पोर्टलवरून तक्रार टाकणाऱ्या ग्राहकासाठी परवान्याचे पैसे पडत नाहीत, पैसे पडतात ते उत्तर देणाऱ्या तुमच्या माणसांचे.

गिटलॅबमध्ये संस्था आणि संपर्क ग्रुपच्या (प्रोजेक्टांच्या गटाच्या) पातळीवर नोंदवता येतात, आणि संपर्क तिकिटाला जोडला जातो. जोडणी तिकिटाशी आहे, प्रोजेक्टशी नाही, हे लक्षात ठेवून मांडणी करा. ज्यांचं काम मुख्यतः एका सामाईक सॉफ्टवेअरवर चालतं त्यांना हे पुरतं.

टॅलीतल्या पार्टीशी ही नोंद जोडता येईल का?

सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ जोडणी म्हणजे दोन्हीकडे तोच ग्राहक क्रमांक. टॅलीतल्या लेजरच्या उपनावात तो घाला. मग महिन्याच्या शेवटी तिथल्या बाकीची यादी आणि इथल्या कामाची यादी क्रमांकावरून एक्सेलमध्ये लागते. ग्राहकाची माहिती ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असेल तर रेडमाइनच्या फील्डला वेबपत्त्याचा साचा देता येतो, आणि नावावर टिचकी मारली की ती नोंद उघडते.

चुकून दुसऱ्याच ग्राहकाशी जोडलं तर माग लागतो का?

तिकिटावरच्या फील्डचा लागतो. कुणी, कधी, कशावरून काय केलं ते तिकिटाच्या इतिहासात राहतं. प्रोजेक्टवरच्या फील्डमधल्या बदलाचा असा इतिहास मूळ रेडमाइन ठेवत नाही. म्हणून प्रोजेक्ट बदलण्याचे अधिकार कमी लोकांना द्या, आणि बदल केला की प्रोजेक्टच्या विकीवर (टिपणांच्या पानावर) तारखेसह एक ओळ लिहा.

ग्राहकाच्या नोंदीत काय ठेवू नये?

आधार क्रमांक, बँकेचा तपशील, रिमोट जोडणीचे पासवर्ड. पासवर्डसाठी वेगळी तिजोरी ठेवणारी सॉफ्टवेअरं मिळतात. दुसरं म्हणजे ग्राहकाचा डेटा. पगाराची चूक शोधायला त्यांचा बॅकअप मागवला जातो आणि तो तिकिटाला चिकटलेला राहतो, त्यात कामगारांची नावं, पगार, उचल सगळं असतं. काम झालं की ती फाइल काढा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहेच, पण त्या विणकराची उचल किती हे तुमच्या ऑफिसातल्या नव्या मुलाने वाचू नये, यासाठी कायद्याची वाट पाहायची गरज नव्हती.

जुनी तिकिटं नव्या मांडणीत आणायची कशी?

तिकीट एका प्रोजेक्टमधून दुसऱ्यात नेलं तरी रेडमाइनमध्ये त्याचा क्रमांक तोच राहतो, त्यामुळे ग्राहकाला दिलेले जुने क्रमांक चालतात. जिरात प्रोजेक्टप्रमाणे क्रमांक बदलतो, पण जुना उघडला तर नव्यावर नेतो. गिटलॅबमध्ये मूळ तिकीट बंद होऊन दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये नवं तयार होतं. रेडमाइनमध्ये नेण्याआधी पाहायचं ते एवढंच, की जिथे न्यायचंय तिथे तीच कस्टम फील्डं चालू आहेत. नसतील तर त्यांतली माहिती नव्या जागी येत नाही.

सगळी जुनी तिकिटं जोडत बसू नका. उघडी असलेली सगळी आणि बंद झालेल्यांपैकी गेल्या वर्षभराची, एवढी पुरतात. यादीत तिकिटं एकदम निवडून ग्राहक भरता येतो.

सुरुवात कधी करावी?

युनिफॉर्मवाल्यांचे फोन शाळा उघडेपर्यंत थांबत नाहीत. कारखान्यांचा गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. मार्चअखेर सगळ्यांचीच. मधे पितृपक्ष येतो, तेव्हा नवीन खरेदी आणि उद्घाटनं जवळजवळ नसतात आणि फोनही कमी असतात. तो पंधरवडा घ्या. पहिल्या दिवशी संगणकाला हात न लावता टॅलीतून पार्ट्यांची यादी छापा, सगळ्यांनी एकत्र बसा, दुहेरी नावं पेनाने खोडा आणि प्रत्येकापुढे ग्राहक क्रमांक लिहा. तो कागद पक्का झाल्यावरच रेडमाइन उघडा.

कारखान्याचा हंगाम संपला की प्रोजेक्ट बंद करावा का?

करू नका, पुढच्या हंगामात तोच लागतो. हंगामासाठी आवृत्ती उघडा आणि संपल्यावर आवृत्ती बंद करा. ग्राहक कायमचा गेला तर प्रोजेक्ट 'बंद' करा. तो वाचता येतो, बदलता येत नाही. 'आर्काइव्ह' केला तर तो यादीतून आणि शोधातून दिसेनासा होतो, आणि तोच ग्राहक तीन वर्षांनी परत आला की त्याचा जुना डेटा कुठल्या रचनेत होता हे शोधायला आधी अॅडमिनला गाठावं लागतं.